रुखसत आणि तिचे ओझे

रुखसत या शब्दाचे दोन अर्थ आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पहिला अर्थ मुलांना आधीच ठाऊक असतो. ताप आला की हेडमास्तरांच्या नावे जो अर्ज लिहायचा तो रुखसतीचा. घरात बहिणीचा निकाह झाला की संध्याकाळी तिची पाठवणी होते तीही रुखसती. म्हणजे रजा, निरोप, असलेल्या जागेवरून उठून जाणे. दुसरा अर्थ दीनियातच्या अंगाने येतो. माणूस प्रवासात आहे, आजारी आहे, पाणी मिळत नाही, अशा वेळी शरीअत मूळ हुकमात जी सूट देते तिलाही रुखसतच म्हणतात. पाणी नसेल तर तयम्मुम करावे. सफरीत चार रकात फर्जाऐवजी दोन पढाव्यात. आजाऱ्याने रोजे पुढे ढकलावेत. या सुटीच्या समोर उभा असलेला शब्द म्हणजे अजीमत. मूळचा हुकूम, पूर्ण ताकदीनिशी पाळलेला.

इथवर आले की कोणीतरी हमखास विचारतो, "सर, फिर सवाब किस को जादा?" मुलांना हिशेब लागतो. हौदावर रांग लावून थंड पाण्याने वजू करणारा आणि मातीवर हात मारून मोकळा होणारा, दोघांना सारखेच गुण मिळत असतील तर ते त्यांना परीक्षेतल्या अन्यायासारखे वाटते. आम्ही सांगतो की, सवलत ज्याने दिली त्यालाच ती घेतलेली आवडते, अशा आशयाची हदीस आहे. देणाऱ्याने प्रेमाने पुढे केलेली वस्तू नाकारण्यात कसली आली परहेजगारी? मुले गप्प बसतात. पटले म्हणून बसतात की तास संपत आला म्हणून, ते सांगता येत नाही.

चौतिसाव्या वर्षी आमचा डावा खुबा बदलावा लागला. तेव्हापासून हा धडा आला की आम्ही त्याच्यावर जरा जास्त वेळ रेंगाळतो. उत्तर तेच देतो, ते बरोबरच आहे. परंतु त्या उत्तराच्या पलीकडे एक मोठा मुलूख आहे आणि त्याविषयी आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही.

आजाराची हकिकत थोडक्यात सांगून टाकतो. २०२१ मधल्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमची फुप्फुसे भरली होती. स्टिरॉइडने जीव वाचला. दीडएक वर्षाने डाव्या जांघेत दुखू लागले. आधी तेल, मग शेक, मग गोळ्या आणि शेवटी एमआरआय. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोळा असतो, त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. स्टिरॉइड, दारू, अपघाताचा मार, सिकलसेल अशा कारणांनी ते रक्त अडले की गोळा आतून मरतो आणि अंगाच्या भाराखाली चेपत जातो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. आपल्या देशात तरुणपणी खुबा बदलावा लागणाऱ्यांत या दुखण्याचे पुष्कळ लोक आहेत. विदर्भातल्या आदिवासी भागात सिकलसेल आहे, तिथे तर हे विशीतही होते. लवकर लक्षात आले तर हाडात छिद्र पाडून गोळा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. आमचा चेपून गेला होता. २०२३ च्या उन्हाळी सुटीत मेलेले हाड कापून टायटॅनियमचा दांडा, त्यावर सिरॅमिकचा गोळा आणि प्लास्टिकच्या अस्तराची वाटी बसवली. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे केले. ज्या औषधाने श्वास परत दिला त्यानेच हाड नेले. याची फिर्याद कोणाकडे न्यायची?

खरा आजार घरी आल्यावर समजतो. मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कमरेत नव्वद अंशांच्या खाली वाकायचे नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. पहिले सहा आठवडे कडक बंदोबस्त आणि पुढे जमिनीवर बसणे आयुष्यभर टाळता येईल तितके टाळायचे. ज्या देशात या शस्त्रक्रियेने आजचे रूप घेतले तिथे माणूस सकाळी पलंगावरून उठतो तो खुर्चीवर बसतो. आपल्याकडे जमीन ही बसण्याची जागा आहे. जेवण दस्तरखानावर, वजू हौदाच्या काठी पाटावर, संडास उकिडवा, नमाज चटईवर, मय्यतीच्या घरी सतरंजी, शादीत बिछायत, शाळेत पालकसभेलाही जाजम. जमिनीवर बसता येत नाही असा माणूस आपल्या समाजात निम्म्या जागी उभाच राहतो. उभ्याने किती वेळ राहणार? मग तो जाणेच कमी करतो. पहिल्या वर्षी आम्ही तीन मय्यतींना कब्रस्तानापर्यंत गेलो, पण घरी जाऊन बसलो नाही. लोकांनी त्याचा काय अर्थ काढला असेल तो असो.

त्यात आमचे वय आडवे येते. मशिदीत शेवटच्या सफेत भिंतीला लागून सहा-सात खुर्च्या असतात. सत्तरीचे बुजुर्ग त्यांवर बसतात तेव्हा ती खुर्ची कोणाला दिसतसुद्धा नाही. चौतीस वर्षांचा, काळ्याभोर दाढीचा माणूस जाऊन बसला की सलाम फिरवताना दहा डोळे वळतात. कोणी हलकेच विचारतो, "इतनी उमर में?" कोणी व्यायामाचे फायदे सांगतो. एका सद्गृहस्थाने आम्हाला पुस्तिकाच आणून दिली. खुर्चीवरच्या नमाजीविषयी उर्दूत अलीकडे पुष्कळ फतवे आणि पुस्तिका निघाल्या आहेत. ज्याला जमिनीवर सजदाच करता येत नाही त्याच्यावर कियामही बंधनकारक राहत नाही, असे हनफी फिकहचे एक प्रसिद्ध मत. जेवढे उभे राहता येईल तेवढे राहावेच, असे दुसरे. दोन्हींत दम आहे. परंतु पुस्तिका देणाऱ्याचा प्रश्न फिकहचा नव्हता. त्याला आमचा आजार दिसत नव्हता, एवढाच प्रश्न होता. सहा महिन्यांत आमची काठी सुटली होती. (जाता जाता सांगतो, डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात धरायची असते. फिजिओथेरपिस्टने सांगेपर्यंत आमचे अख्खे मोहल्ले ती डाव्या हातात धरायला सांगत होते.) आता आमची चाल पाहून कोणाला काही कळत नाही. लंगडत होतो तेव्हा लोक जागा देत होते. बरे झालो आणि संशयित झालो.

हदीसच्या आणि सीरतच्या किताबांत या संदर्भात तीन माणसे भेटतात. एक इमरान बिन हुसैन. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढू, असे त्यांनी हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विचारले, तेव्हा उभ्याने, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर, असा मार्ग मिळाला. बुखारीत ही हदीस आहे आणि जगातल्या सगळ्या मशिदींतल्या खुर्च्या तिच्यावर टेकलेल्या आहेत. आम्हाला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मूळव्याधही बाहेरून दिसत नाही. इमरान यांना कोणी पुरावा मागितला नाही.

दुसरे अरफजा बिन असअद. इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगण्यात आले. पुरुषाला सोने वर्ज्य. तरीही सांगण्यात आले. अबू दाऊद आणि तिरमिजी या दोन्ही संग्रहांत हे आहे. शरीरात धातू घालावा की नाही, तो आपला भाग होतो की परका राहतो, त्याला घेऊन नमाज होते की नाही, असे प्रश्न आम्हाला लोकांनी विचारले आहेत. अरफजांचे नाक पुढे केले की ते मिटतात. आणि नाकाशिवाय माणूस जगतो, हेही ध्यानात घ्यावे. त्यांना सवलत मिळाली ती केवळ जिवंत राहण्यासाठी नव्हती. चारचौघांत बसता यावे, जवळच्या माणसाने तोंड फिरवू नये, यासाठी मिळाली.

तिसरे अम्र बिन जमूह. पायाने अधू. कुरआनात लंगड्यावर दोष नाही असे स्पष्ट आले आहे. सूरह नूर आणि सूरह फतह, दोन्हींत आहे. चार जवान मुलगे त्यांना म्हणत होते की तुम्हाला सूट आहे, घरी राहा. ते उहुदच्या वेळी हट्टाने हुजूरांकडे गेले. याच लंगड्या पायाने जन्नतमध्ये चालायची इच्छा आहे म्हणाले. तुमच्यावर फर्ज नाही, असे त्यांना सांगण्यात आले. आणि मुलांना सांगण्यात आले की यांना अडवू नका. ते उहुदला शहीद झाले.

वाज करणारे मौलाना तिसऱ्या माणसाचा किस्सा फार रंगवून सांगतात. अरफजांचा किस्सा आम्ही कोणाच्या वाजमध्ये आजवर ऐकलेला नाही. नाक बसवून घेऊन घरी गेलेल्या माणसात सांगण्यासारखे काय आहे? पण आमच्या मते ह्या दोघांत वरचा-खालचा लावणेच गैर आहे. अम्र यांनी सूट नाकारली ती स्वतःच्या जिवाच्या बळावर. त्यांनी नाकारल्याने दुसऱ्या कोणाचे काही अडले नाही. अरफजांनी घेतली, तेव्हाही कोणाचे काही गेले नाही. अल्लाहच्या रुखसतीचे हे वैशिष्ट्य आहे. त्याच्या खजिन्यातून चार रकातींतल्या दोन माफ झाल्या, तर त्या दोन शेजारच्या माणसाला जास्तीच्या पढाव्या लागत नाहीत.

माणसांच्या दुनियेत मात्र असे होत नाही. इथे दिलेली प्रत्येक सूट कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसते.

आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, तो तळमजल्यावर आला. त्यासाठी एका सहकारी बाईंचा वर्ग वर गेला. त्यांना दम्याचा त्रास आहे. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे: आदल्या दिवशी सकाळपासून साहित्य घेण्याची रांग, मशीन आणि पिशव्या सांभाळत एसटीने केंद्रावर जायचे, रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचे, पहाटे पाचला उठायचे, रात्री उशिरा सगळे जमा करून सुटायचे. आम्ही वैद्यकीय कागद जोडले, नाव वगळले गेले. पण मतदान केंद्र काही वगळले गेले नाही. राखीव यादीतला कोणीतरी तिथे गेला. तो कोण होता, त्याच्या घरी त्या रात्री काय चालले होते, हे आम्हाला माहीत नाही.

आणि मग घर. इथे जरा थांबावे लागेल.

आमच्या अम्मींचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. २०१९ मध्येच डॉक्टरांनी ते बदलायला सांगितले होते. मरहूम अब्बांच्या फंडातली काही रक्कम त्यांनी पतसंस्थेत ठेवली होती ती त्याच कामासाठी. मग कोविड आला, मग आमचा खुबा. ठेव एक आणि सांधे तीन. आमच्या उपचाराचे निम्म्याहून अधिक पैसे त्या ठेवीतून गेले.

असे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत जहाज, बेट आणि पाण्याचा एक घडा घेऊन मांडलेले असतात. आपल्या घरांत ते पतसंस्थेच्या पावतीवर मांडलेले असतात. हिशेबाने पाहिले तर काय दिसते? आमची नोकरी आहे, पगारावर घर चालते. म्हणून आधी आम्ही. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांध्याच्या आयुष्याची. लॅन्सेट या नियतकालिकात २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाप्रमाणे बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. चौतीस अधिक पंचवीस म्हणजे एकोणसाठ. म्हणजे साठीच्या आत आमचा खुबा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता बरीच मोठी. आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. साठी ओलांडलेल्या बाईचा गुडघा बहुधा तिच्या हयातीला पुरून उरतो. म्हणून तर पूर्वी डॉक्टर तरुणांना शक्य तितके थांबायला सांगत. धातूची किंमत वसूल व्हायची असेल तर तो अम्मींना द्यायला हवा होता. तिसरी बाजू हक्काची: पैसे त्यांचे होते.

हा सगळा हिशेब मांडायची वेळ आलीच नाही. अम्मींनी पावती मोडून आणली आणि टेबलावर ठेवली. "मेरे को कित्ते दिन चलनाय? तेरे को पढाना है," एवढेच म्हणाल्या.

त्यांनी राजीखुशीने दिले, यात आम्हाला शंका नाही. पण राजीखुशी ही गोष्ट आपण फार घाईने मान्य करतो, असे आम्हाला वाटते. आई स्वतःहून मागे सरते तेव्हा तिने निवड केली असे आपण म्हणतो. मात्र जन्मभर जिला मागेच सरायला शिकवले, तिच्या निवडीला निवड म्हणायचे की सवय? तिने नाही म्हटले असते तर ते ऐकून घ्यायला आमच्याकडे, आमच्या बिरादरीकडे, कान होते का? आणि तरीही, ती सवयच होती असे ठरवून टाकणे म्हणजे तिच्या प्रेमाला अक्कल नाही असे म्हणणे. तेही आम्हाला मंजूर नाही. अम्मी हिशेबात आमच्यापेक्षा पक्क्या आहेत. पावती मोडायच्या आधी त्यांनी व्याज किती बुडते हे विचारून घेतले होते.

पत्नी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होती. त्या सहा आठवड्यांत वाटी आणून देणे, मोजे घालून देणे, उंच केलेल्या कमोडपर्यंत सोबत येणे, रात्री पाय सरळ आहे ना ते पाहणे, हे सर्व झिजलेल्या गुडघ्यांनी केले. आम्ही पलंगावर सरळ बसून इशाऱ्याने नमाज पढत होतो, अल्लाहने दिलेल्या सवलतीने. आणि पलंगाखाली गेलेली आमची चप्पल काढायला अम्मी खाली वाकत होत्या. एकच खोली, एकच वेळ. आमच्या रुखसतीचा सवाब लिहिणाऱ्या फरिश्त्याने त्या वाकण्याची नोंद कुठल्या रकान्यात केली असेल?

आजाऱ्याच्या सब्राविषयी आपल्याकडे मुबलक बोलले जाते. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे नाव त्यासाठी घेतले जाते आणि ते रास्तच आहे. पण लोकांच्या तोंडी असलेल्या कथांत त्यांची एक बीवीही आहे. सगळे सोडून गेले तेव्हा ती राहिली, दुसऱ्यांच्या घरी राबून भाकरी आणत राहिली. उर्दू कथांत तिला बीबी रहमत म्हणतात. अय्यूबांचा सब्र म्हण झाला. रहमतच्या सब्राची म्हण झाली नाही. आजाऱ्याचा सब्र म्हणजे पडून राहणे. सेवा करणाऱ्याचा सब्र म्हणजे उठणे, पुन्हा उठणे. दोन्हींना आपण एकाच शब्दात बसवले आणि सगळी शाबासकी पडून राहणाऱ्याला दिली.

आमचे एक मित्र आहेत, मदरशात पढवतात. त्यांच्याशी यावर बोलणे झाले. ते म्हणाले, याचे उत्तर फिकहमध्ये आहे, फर्ज-ए-किफाया. मय्यतीला खांदा देणे हे साऱ्या वस्तीवर फर्ज आहे. काहींनी केले की बाकीचे सुटले, कोणीच केले नाही तर सगळे गुनहगार. आजाऱ्याची खिदमतही तशीच समजा. आजाऱ्याने सूट घेतली म्हणजे त्याने कोणावर ओझे टाकले असे होत नाही. ते ओझे मुळात सर्वांचेच होते, तो आजारी पडल्याने फक्त दिसू लागले. हा विचार आम्हाला फार आवडला. यात मेहरबानी नाही, एहसान नाही. खुर्चीवर बसलेल्या तरुणाने मान खाली घालायचे कारण नाही.

एक अडचण तेवढी उरते. जनाजा उचलला जातो तेव्हा खांदे बदलत राहतात. दहा पावले एकाने, दहा पावले दुसऱ्याने. घरातल्या आजाऱ्याच्या बाबतीत ‘काहींनी केले’ यातले ‘काही’ बदलतच नाहीत. तेच दोन हात असतात आणि ते बहुधा बाईचे असतात. तिच्या करण्याने खानदानातले वीस पुरुष सुटतात. किफायाचा हा अर्थ मूळ विचारात नव्हता. तो आम्ही आमच्या सोयीने लावला. मित्राला हे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, खांदा बदलण्याचाही आदाब असतो, मागून येणाऱ्याने न सांगता पुढे यायचे असते.

आमच्या मांडीत जो सांधा आहे त्याच्यामागेही असे बरेच खांदे आहेत. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील सर्जन जॉन चार्नली यांनी या शस्त्रक्रियेला तिचे आजचे रूप दिले. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. सुमारे तीनशे लोकांना ते बसवले गेले. दोन-तीन वर्षांत ते झिजले, त्याच्या चुऱ्याने आतले मांस आणि हाड खराब झाले, पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. मग १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी एक वेगळे, चिवट प्लास्टिक घेतले. टेफ्लॉन आणि हे नवे प्लास्टिक, दोन्हींचे तुकडे त्यांनी स्वतःच्या मांडीतही घालून पाहिले. टेफ्लॉन उठले, प्लास्टिक शांत राहिले. पुढे ते आपल्या रुग्णांना विचारत की, मृत्यूनंतर तुमचा सांधा आम्हाला काढून पाहता येईल का? कित्येकांनी होकार दिला. वाटी किती झिजते हे अशा रीतीने कळत गेले. आमच्या अस्तराचे प्लास्टिक त्याच कुळातले, सुधारलेले. म्हणजे आम्ही जी पावले टाकतो त्यांत टेफ्लॉनवाल्या त्या तीनशे लोकांची पावले आहेत. त्यांतला एकही आमच्या ओळखीचा नाही.

याच्या उलट बाजूही पाहावी. तरुण माणसाला सांधा बदलताना एकच गोष्ट हवी असते: पूर्वीसारखे व्हायचे. ही भूक बाजाराला नेमकी समजते. धातूवर धातू घासणारे सांधे काही वर्षे विशेषतः तरुण, धावपळ करणाऱ्या लोकांसाठी म्हणून पुढे केले गेले. डीप्यू कंपनीचा एएसआर हा त्यांतला एक. धातूचे कण रक्तात उतरू लागले, सांधे लवकर निकामी होऊ लागले, ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. इथल्या रुग्णांच्या भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. चार्नलींची चूक आणि ही चूक यांत आम्हाला फरक वाटतो. तिथे चुकीची झळ डॉक्टरने, रुग्णांच्या नंतर का होईना, स्वतःच्या मांडीतही घेतली होती.

तेव्हा पूर्वीसारखे होणे हा मामला आम्ही मनातून काढून टाकला आहे. शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खो-खो खेळायचो, ते आता नाही. त्याची खंत आहे, आणि ती असू द्यावी. प्रत्येक दुःखावर शुक्राचा शिक्का मारलाच पाहिजे असे आम्हाला वाटत नाही. मशिदीत खुर्चीवर बसतो. कोणी विचारले तर सांगतो, नाही विचारले तर सांगत नाही. तळमजल्यावरचा वर्ग ठेवला आहे. बाईंच्या वर्गाचे हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम आम्ही घेतले आहे. त्या म्हणतात, याची गरज नाही. आहे की नाही ते आम्ही दोघांनी ठरवायचे आहे आणि अजून ठरलेले नाही. निवडणुकीच्या कामाची सूट मात्र पुढच्या वेळीही मागणार आहोत. फरशीवर झोपून खुबा निखळला तर मतदानाला त्याचा काही उपयोग नाही.

अम्मींच्या उजव्या गुडघ्याची तारीख उन्हाळी सुटीतली ठरली आहे. त्यांनी ती दोनदा पुढे ढकलली, एकदा भाचीच्या शादीसाठी आणि एकदा रमजानसाठी. या वेळी पैसे आधीच भरून टाकले. त्या सहा आठवड्यांचे काम घरात वाटून घेताना बरीच घासाघीस झाली. धाकट्या भावाने कपडे आणि बाजार घेतला, रात्रीची जागही त्याचीच. पत्नीने दुपारपर्यंतचे सर्व अंगावर घेतले आहे. संध्याकाळचा स्वयंपाक आणि भांडी आमच्याकडे आली. ओट्यापाशी उभ्याने करता येते, अडचण नाही. भाकरी अजून गोल होत नाही. अम्मी पलंगावरून पाहतील आणि बोलतील, त्याची तयारी ठेवली आहे. फरशी पुसायचा प्रश्न होता, कारण खाली बसून फडके मारणे आम्हाला जमणार नाही. लांब दांड्याचा पोछा आणला आहे.